पांढरा धूर

“अण्णा, बस करा ना! बॅटरी बसेल!”

मी ओरडत होते आणि अण्णा किल्ली सोडत नव्हते. घर्रर्र, घर्रर्र, थांब. पुन्हा घर्रर्र. पहिल्यांदा ट्रॅक्टर चालू झाला होता, खोटं कशाला सांगू. अर्धा मिनिट छान टकटकला, दोनदा खोकला आणि गप्प बसला. त्यानंतर कितीही सेल्फ मारला तरी धुराड्यातून नुसता पांढरा धूर. ओलसर, दमेकऱ्याच्या श्वासासारखा.

“तू गप बस गं,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट बसलेला होता. ते चिडले की मला भीती वाटत नाही. मी नववीत वर्गाची मॉनिटर झाले, पंधरा ऑगस्टला साडेतीनशे पोरांसमोर माइकवर बोलले, तेव्हापासून मला तशी कुणाचीच भीती वाटत नाही. पण अण्णांच्या त्या बसलेल्या आवाजाची वाटली.

२००४ची दिवाळी. भाऊबीज काल झाली आणि रात्रभर पाऊस पडून गेला. ऐन कार्तिकात! द्राक्षांच्या छाटणीला एक्केचाळीस दिवस झाले होते, म्हणजे बाग भर फुलोऱ्यात. फुलोऱ्यात पाऊस झाला की डावणी येते. हा रोग आज दिसत नाही. परवा पानामागे पांढरी बुरशी दिसते आणि त्याच्या परवा घड काळे पडून हातात येतात. त्याला एकच उत्तर, पाऊस उघडल्या उघडल्या औषधाचा फवारा. आणि रेडिओवरचा माणूस सकाळी सहालाच सांगून गेला होता की दुपारनंतर पुन्हा पाऊस आहे. औषध पानावर वाळायला दोन तास लागतात. म्हणजे बाराच्या आत दोन एकर फवारून व्हायला हवे होते.

सात वाजून गेले होते. चारी बाजूंनी लोकांचे ब्लोअर घोंघावत होते. ट्रॅक्टरमागे जोडलेला तो मोठा पंखा औषधाचं धुकं करून वेलींवर फेकतो, त्याचा आवाज कोसभर जातो. सगळ्या शिवारात आवाज, आणि आमच्या बागेत चिमण्या.

“गोरक्षकाकांचा मागा ना ट्रॅक्टर.”

“मागितला. त्याची सहा एकर हाय. चार वाजंपर्यंत त्याचंच उरकत नाय.”

“आणि विंचूरचे गॅरेजवाले?”

“दोघंबी दिवाळीचे गावाला. कुलपं हायेत.” अण्णा खाली उतरले आणि मोठ्या चाकाला टेकून उभे राहिले. “संपलं. यंदाची बाग संपली.”

आईने हे ऐकलं. पदर खोचला, कोपऱ्यातला पाठीवरचा पंप उचलला, पिंपातलं कालवलेलं औषध त्यात भरलं आणि पहिल्या ओळीत शिरली. एकशेवीस ओळी होत्या. एका बाईने पाठीवरच्या पंपाने त्या करायच्या म्हणजे दोन दिवस.

मी म्हणाले, “पुंजाराम मिस्त्रींना आणते.”

“त्याला? त्यानं हात लावला तर उरलंसुरलं बी जाईल. मागल्या साली नामपूरच्या पाव्हण्याचं काय केलं ठावं हाय ना? ऑइल बदललं अन् खालचा बोल्ट लावायचाच इसरला. इंजिन जाम! त्याला आता काय ध्यानात राहत नाय, पोरी.”

“मग दुसरं कोण आहे?”

मी सायकल काढली.

पुंजाराम मिस्त्रींचं गॅरेज असं कधी नव्हतंच. एसटी थांब्यापाशी कडुनिंबाखाली एक ताडपत्री, एक पेटी आणि ते स्वतः. चाळीस वर्षं. कळवणकडून कधीतरी विहिरीवरच्या इंजिनाच्या कामाला आले आणि इथलेच झाले. गावातल्या निम्म्या ट्रॅक्टरांची पोटं त्यांनी उघडली होती. आमच्या ट्रॅक्टरचं तर दोनदा. त्यांच्या मालकीचा मात्र ट्रॅक्टर नव्हता, आणि ट्रॅक्टर लागेल एवढी जमीनही नव्हती. त्यांच्या मुलाच्या लग्नात अक्षता पडायच्या वेळी मुलाचा बाप सापडेना. वऱ्हाड घेऊन आलेल्या ट्रॅक्टरखाली पाय तेवढे दिसत होते, असं आई हसून हसून सांगते. आता वर्ष झालं, त्यांना कुणी बोलावत नव्हतं.

ते ओट्यावर बसले होते. नवा पांढरा सदरा, दाढी केलेली. शेजारी त्यांची बायको भागीबाई लसूण सोलत होती.

“मिस्त्रीबाबा, ट्रॅक्टर बंद पडलाय. चला ना.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “कुणाची तू?”

“समाधानची. मळ्यातल्या.”

“समाधानचं लगीन झालं?”

“अहो, मी दहावीला आहे!”

ते हसले. आपण चुकलो हे त्यांना कळलं आणि ते लपवायलाच हसले, हे मलाही कळलं. भागीबाईने सुरी खाली ठेवली आणि मला बाजूला घेतलं.

“नेती तर ने. पण येकटं सोडू नको. हाताला समदं ठावं हाय त्यांच्या, डोक्यातून तेवढं गळून जातं. पाच मिंटापूर्वीचं इचारलं तर सांगता येत नाय. जे उघडतील ते फडक्यावर मांड, अन् लावताना येकेक उचलून त्यांच्या हातात दे. येक बी शिल्लक ऱ्हायला नाय पायजे.” मग हळू आवाजात, “आन हसू नका गं त्यांना.”

पेटी कॅरिअरला बांधली आणि मिस्त्रीबाबांच्या चालीने सायकल हातात धरून निघाले. वाटेत त्यांनी मला तीनदा विचारलं, कुणाची तू.

ट्रॅक्टरजवळ आले आणि माणूस बदलला. पाठ सरळ झाली. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, जसं आई माझ्या कपाळावर ठेवते.

“मार येक. लांब नको. येकच.”

अण्णांनी सेल्फ मारला. मिस्त्रीबाबांनी धुराड्यासमोर हात धरला, मग तो नाकाला लावला.

“पांढरा हाय. ओला. पाणी जातंय कुठूनतरी. आता वरून का आतून, येवढंच बघायचं. वरून म्हंजे डिझेलात पाणी. आतून म्हंजे हेडचं गॅस्केट गेलं. वरून आसंल तर दीड-दोन तासांचं काम. आतून आसंल तर इंजिनाचं डोकं उतरावं लागंल, दिवस मावळंल.” त्यांनी अण्णांकडे बघितलं. “धुतला व्हता का?”

“नाय. लक्ष्मीपूजनाला पुसायला सांगितला व्हता पोरीला. फडक्यानं. हो ना गं?”

“हो,” मी म्हणाले.

हे एवढं एक अक्षर आणि ते माझ्या तोंडून कसं गेलं, मला आजही कळत नाही. कारण मी तो पुसला नव्हता, धुतला होता. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला ट्रॅक्टरचीही पूजा होते, आणि मला तो आळीत सगळ्यांत भारी दिसायला हवा होता. अण्णा बाजाराला गेलेले. मी विहिरीवरचा पंप चालू केला, पाण्याची नळी हातात घेतली आणि चिखल असा उडवला म्हणता! डिझेलच्या टाकीचं झाकण कधीच हरवलंय, तोंडाला प्लास्टिकची मळकी पिशवी रबराने बांधलेली असते. ती घाण दिसत होती म्हणून मी सोडली. आणि नळी वळवताना एक सपकारा थेट टाकीच्या तोंडात गेला. मी बघितला तो जाताना. जाऊ दे, थोडंसंच तर गेलं, म्हणून झेंडूची माळ घातली आणि टाकीच्या तोंडाला साडीच्या दुकानाची गुलाबी पिशवी बांधली. अण्णा आले आणि म्हणाले, “वा! चमकला की!” त्या दिवसापासून ट्रॅक्टर हलला नव्हता.

“मंग आतून,” मिस्त्रीबाबा म्हणाले. “समाधान, मोठा पाना लागंल. अन् नळी, पान्याला जोर द्यायला.”

अण्णा घराकडे पळाले. मी मिस्त्रीबाबांजवळ गेले. मला वाटलं, यांना सांगावं, हे काम करतील, अण्णांना कळायची गरजच नाही. मॉनिटरचं डोकं!

“मिस्त्रीबाबा, टाकीत पाणी गेलंय. मी पंपाने धुतला होता.”

“किती गेलं?”

“एक सपकारा. दोन असतील.”

“बरं. मंग गॅस्केट नाय. टाकी रिकामी करू.” त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. “रडती कशाला? डिझेलाला काय कळतंय कुणी घातलं ते?”

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात अण्णा पाना, नळी आणि चहा घेऊन आले. मिस्त्रीबाबांनी बशीत ओतून चहा प्यायला. कप खाली ठेवला, मिशी पुसली, इंजिनाकडे बघितलं.

“हां. पांढरा धूर. गॅस्केट गेलंय. आण तो पाना.”

मी त्यांच्या कानाशी गेले. “मिस्त्रीबाबा, मी सांगितलं ना मघाशी!”

“काय सांगितलं?”

पुन्हा सांगितलं. पुन्हा तसेच डोळे मऊ झाले, पुन्हा “किती गेलं?”, पुन्हा टपली. मग ते फडकं शोधायला पेटीत वाकले आणि वर आले तेव्हा सगळं पुसलं गेलेलं होतं. पाना हातात घेऊन त्यांनी तो हेडच्या पहिल्या बोल्टवर बसवला. अण्णांनी पान्याच्या दांडीत नळी घातली. बागेतून आईच्या पंपाचा आवाज येत होता, खट्याक फुस्स, खट्याक फुस्स. ती अजून सातव्या ओळीत होती. साडेआठ झाले होते.

“जोर लावा, मिस्त्री,” अण्णा म्हणाले.

एकदा हेड उतरलं की संपलंच होतं. दोघांनाही ते कळत होतं आणि दोघंही चुकीच्या बोल्टला लोंबकळायला निघाले होते, आणि बरोबर काय ते त्या रानात फक्त मला ठाऊक होतं. मिस्त्रीबाबांच्या कानात सांगून भागणार नव्हतं. कुठेतरी असं ठेवायला हवं होतं की पाच मिनिटांनी पुन्हा सापडेल. औषधाच्या पिंपांवर प्रमाण लिहायचा खडू कट्ट्यावर पडला होता. मी तो उचलला आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, मिस्त्रीबाबांच्या अगदी डोळ्यांसमोर, फळ्यावर तारीख लिहितात एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं.

मिस्त्रीबाबा थांबले. चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी बोट लावून, मोठ्याने, एकेक अक्षर जोडत वाचलं.

“टा-की-त पा-णी मी घा-त-लं. पं-पा-नं धु-त-ला. नि-की-ता.”

शिवारातले सगळे ब्लोअर त्याच क्षणी बंद झाले असं मला वाटलं. झाले नव्हते.

अण्णांनी नळी हळूच पान्यातून काढून घेतली. “मघाशी इचारलं तवा?”

“भ्याले,” मी म्हणाले.

मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं. त्यांनी नळी चिखलात टाकली आणि रिकामा कॅन आणायला गेले. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

“नीट ल्हिवलंस,” मिस्त्रीबाबा मला म्हणाले. “पण निकिता कोण?”

“मीच.”

“बरं.”

टाकीखालचा बोल्ट काढला आणि आधी डिझेल आलंच नाही. आलं ते पाणी! तांब्याभर तरी असेल. खाली बसलेलं, गढूळ, त्यात झेंडूची एक पाकळीसुद्धा. मग डिझेल. ते कॅनमध्ये धरलं, फडक्यातून गाळून बाजूला ठेवलं. फिल्टरची वाटी उघडली, तिच्यातही पाणी. मी फडकं अंथरून सगळं मांडत होते. बोल्ट, वॉशर, वाटी, स्प्रिंग, पुन्हा वॉशर. डावीकडून उजवीकडे. मध्येच मिस्त्रीबाबा उठून उभे राहायचे, चेहरा कोरा व्हायचा, हात हेडकडे जायचा. आणि मग नजर मडगार्डवर पडायची.

“टा-की-त पा-णी मी घा-त-लं...” पुन्हा सगळं, खणखणीत आवाजात. “हां हां. टाकी. चल, फिल्टर दे.”

चार वेळा वाचलं त्यांनी ते. तिसऱ्या वेळेला गोरक्षकाका बांधावर पाणी भरायला आले होते, तेही ऐकून गेले. मी मान खाली घालून वॉशर पुसत होते.

टाकीत स्वच्छ डिझेल ओतलं. आता नळ्यांतली हवा काढायची होती. डिझेल इंजिनात कुठे एक बुडबुडा राहिला तरी ते पेटत नाही. इथे मात्र मिस्त्रीबाबांना काही आठवावं लागलंच नाही. फिल्टरवरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल केला, बाजूच्या हातपंपाचं बटण अंगठ्याने दाबत राहिले. फेस आला, बुडबुडे आले, बुडबुडे बारीक झाले आणि अखंड, गार, सोनेरी धार आली. स्क्रू बंद. मग पुढचा स्क्रू. बोटांची अशी लय होती की मी बघतच राहिले. भागीबाई म्हणाली होती तेच खरं, हाताला सगळं ठाऊक होतं.

“आता तीन फिरक्या दे, समाधान. तीनच.”

बॅटरीत तेवढाच जीव होता. पहिली फिरकी. दुसरी. नळ्यांच्या सैल केलेल्या टोकांशी डिझेल थुंकल्यासारखं उडालं. मिस्त्रीबाबांनी ती टोकं लगेच आवळली. तिसऱ्या फिरकीला बॅटरी नुसती ‘टक्’ झाली.

“गेली,” अण्णा म्हणाले.

साडेदहा. आईची सोळावी ओळ. पश्चिमेला ढग उतरायला लागलेले.

आमचा ट्रॅक्टर उतारावर उभा असतो. खाली बागेची वाट आणि तिथे रात्रीच्या पावसाचा गुडघाभर चिखल. उतारावरून सोडून, गिअरमध्ये टाकून चालू करायचा एक डाव होता, पण एकच. नाही पेटला तर चिखलातून तो वर ओढायला कुणाचाही ट्रॅक्टर आज मोकळा नव्हता.

मी फडक्याकडे बघितलं. रिकामं होतं. एकही वॉशर शिल्लक नव्हता. तरी मी फडकं उचलून झटकलं, उलटंही करून बघितलं.

“तिसऱ्यात टाक,” मिस्त्रीबाबा म्हणाले. “त्या बाभळीपर्यंत क्लच सोडू नको. बाभळ आली का सोड. येकदम.”

अण्णा चढले. आम्ही मागून खांदे लावले, मी, पंप उतरवून आलेली आई आणि मिस्त्रीबाबा. आईच्या हातांना औषधाचा वास येत होता. चाक सुटलं. ट्रॅक्टर आवाजाशिवाय निघाला आणि ते फार वाईट दिसतं, एवढं मोठं धूड असं मुक्याने घसरत जाताना. बाभळ आली. अण्णांनी क्लच सोडला. मागची चाकं करकचली, सगळा ट्रॅक्टर हिसडला. पांढरा धूर. पुन्हा पांढरा. चिखल दहा हातांवर.

“सोडू नको!” मिस्त्रीबाबा ओरडले.

एक ठोका. मग काही नाही. मग दोन ठोके. मग काळा धूर, काळाकुट्ट, सुंदर! आणि तो धडधडायला लागला. आई खालीच बसली. अण्णांनी मागे वळून बघितलंही नाही. गिअर बदलून चिखलाच्या कडेने ट्रॅक्टर तसाच ब्लोअरकडे घेतला.

ते सव्वा वाजेपर्यंत फवारत होते. अडीचला पाऊस आला. आठवड्याने कळलं की खालच्या अंगाच्या अडतीस ओळी गेल्या. अण्णांनी त्या शेवटी घेतल्या होत्या आणि त्यांच्यावरचं औषध वाळलंच नव्हतं. बाकी बाग राहिली. अण्णा माझ्याशी पाच दिवस बोलले नाहीत. सहाव्या दिवशी त्या ओळींतले काळे घड काढायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हातात कात्री दिली.

पण त्या दिवशी, अण्णा फवारत असतानाच, मी मिस्त्रीबाबांना घरी सोडायला निघाले होते. नव्या सदऱ्याची पार रया गेली होती. भागीबाईला काय सांगावं याचा मी विचार करत होते. बांधावर चढलो तसे ते थांबले. खाली बागेत आमचा ब्लोअर घोंघावत होता आणि त्याच्यामागे इंजिनाचा ठोका, एकसारखा.

ते मान तिरकी करून ऐकत राहिले.

“कुणाचा हाय?”

“आमचा. समाधानचा.”

“लय चांगला चालतोय. जुनं इंजिन हाय, पण ठोका बघ कसा.” पुन्हा ऐकलं. “कुणी नीट केला?”

“तुम्हीच की, मिस्त्रीबाबा.”

“मी? कवा?”

“आत्ता. सकाळी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करतेय का, हे शोधत होते. मी हसले नाही. मग त्यांनी दोन्ही हात वर घेतले. नखांपर्यंत काळे, रेषारेषांत तेल. तळवे नाकाशी नेले आणि डोळे मिटून वास घेतला. एकदा. पुन्हा एकदा.

“हां,” ते म्हणाले. “मीच आसंल.”

मी पुसायला फडकं पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. दोन्ही हात अंगापासून लांब धरून, त्यांत काहीतरी काठोकाठ भरलंय आणि सांडेल अशा बेताने, ते बांधावरून पुढे चालू लागले.